पीस लिली की बहावा? हॉलमधली कुंडी आणि दारातलं झाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की आमच्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, मोबाईलवर पांढऱ्याशुभ्र पीस लिलीचा फोटो दाखवून "हे असलं टीव्हीशेजारी ठेवायचंय" म्हणणारी. दुसरी, रस्त्याकडेचा पिवळाधमक बहावा बघून "असा आमच्या दारात पाहिजे" म्हणणारी. कैकदा ही दोन्ही माणसं एकच असतात आणि मग विचारतात, "दोन्हीतलं चांगलं कुठलं?"

मी नर्सरीवाला नाही. कोल्हापुरात कळंब्याकडे छोटं घर आहे, मागं थोडं परस आहे आणि चौदा वर्षांत बरीच रोपं मारून थोडी जगवली आहेत. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन दमलो, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

मुळात या दोघांची तुलना होते का? एक गुडघ्याएवढं, दुसरं तीस फूट!

फुलांची होत नाही. पण आपला खिसा, आपली जागा आणि आपला उत्साह एकच असतो, त्यामुळं निवड करावीच लागते. पीस लिली दर दोन-चार दिवसांनी तुमच्याकडं बघते आणि जिवंत असेपर्यंत बघत राहते. बहाव्याला पहिली तीन वर्षं लहान मुलासारखं सांभाळावं लागतं, पुढं तो तुम्हाला विचारतसुद्धा नाही. तेव्हा "फुलं कुणाची भारी" हा प्रश्न बाजूला ठेवा. दोनच गोष्टी स्वतःला विचारा : खिडकीत उजेड किती येतो, आणि या जागेवर आपण अजून किती वर्षं आहोत? खालची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

आम्ही भाड्यानं राहतो. काय लावू?

लिली. टेम्पोत शेवटी चढते आणि नव्या घरात पहिली उतरते. बहावा लावून घर सोडलेल्या माणसाचं दर एप्रिलला त्या गल्लीतून जाताना काय होतं, ते मी पाहिलंय.

पीस लिलीचं ते पांढरं फूल म्हणजे खरंच फूल का?

नाही. ते रूप बदललेलं पान आहे. मधोमध जो फिकट, खरखरीत दांडा असतो, त्यावर दाटीवाटीनं बसलेले बारीक कण ही खरी फुलं. हे झाड लिलीही नव्हे. हे अळूच्या भाऊबंदांतलं. अळू, सुरण, अँथुरियम आणि ही, सगळी एका कुळातली. परसातला अळू कधी फुलला तर वाकून बघा, तीच रचना दिसेल : एक पान गुंडाळलेलं आणि आत दांडा.

म्हणूनच तिचं "फूल" गुलाबासारखं तीन दिवसांत गळत नाही, आठवडेच्या आठवडे टिकतं आणि जुनं होताना हिरवट होत जातं. "फूल हिरवं पडलं, रोग आला" म्हणून घाबरून फोन येतात. रोग नाही, म्हातारपण आहे. दांडा बुडापासून कापून टाका.

नर्सरीत पाच-सहा फुलं होती. घरी आणली, ती संपली आणि वर्ष झालं एकही नाही. काय चुकलं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि चूक बहुतेक वेळा तुमची नसतेच.

तासगाव-सांगलीकडं कुणी पाहुणे द्राक्षवाले असतील तर त्यांना "जीए" म्हणजे काय ते विचारा. मणी लांबावेत, फुगावेत म्हणून द्राक्षाचे घड जिबरेलिक अॅसिडच्या द्रावणात बुडवतात, ते हे. मोठ्या प्रमाणावर पीस लिली तयार करणारे हेच संजीवक तिच्यावर फवारतात, म्हणजे सगळी रोपं ठरल्या वेळी, एकदम, वयाच्या आधीच फुलावर येतात आणि विक्रीला जातात. तुम्ही घेतलेलं रोप अशा बेतानं फुललेलं असतं. घरी आल्यावर ते आपल्या मूळ चालीवर येतं : आधी मुळं, मग पानं, मग पुरेसा उजेड मिळाला तर फूल. एक-दीड वर्ष थांबायची तयारी ठेवा. आणि फुलं येत नाहीत म्हणून युरिया टाकू नका. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. द्रवरूप खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या मात्रेनं, महिन्यातून एकदा, मार्च ते सप्टेंबर. बास.

"कमी उजेडात चालते" असं सगळीकडं लिहिलेलं असतं की!

चालते म्हणजे जगते. जगणं वेगळं आणि फुलणं वेगळं. ही अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांत, मोठ्या झाडांखालच्या ओलसर जमिनीवर वाढणारी जात आहे. तिथं थेट ऊन नसतं, पण वरून पानांतून गाळून आलेला उजेड दिवसभर असतो. आपल्याकडं मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत मधली खोली असते, जिथं भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत, तिला जंगलाची सावली म्हणत नाहीत.

साधी परीक्षा सांगतो. दुपारी बाराला, दिवा न लावता, कुंडी ठेवायच्या जागी एक कोरा कागद धरा आणि वर वीतभर अंतरावर हात धरा. सावली पडली पण तिच्या कडा पुसट असतील, तर जागा लिलीची. कडा सुरीनं कापल्यासारख्या स्पष्ट दिसल्या तर ऊन थेट आहे, पानं करपतील. सावलीच पडली नाही तर तिथं प्लास्टिकची ठेवा, मन शांत राहील.

पाणी किती आणि कधी?

बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. कोरडं लागलं की द्या, ओलं लागलं की थांबा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून बघायची सवय लावा. तहानलेली कुंडी हलकी लागते, आठवड्याभरात हाताला अंदाज येतो.

एकदा गणपतीत आम्ही पाच दिवस गावाला गेलो. परत येऊन बघतो तर लिलीची सगळी पानं कुंडीच्या कडेवरून खाली लोळलेली, धुवून पिळलेल्या पालेभाजीसारखी. आई म्हणाली, "गेली रं ही." सात वाजता पाणी घातलं, न्हाणीघरात निथळत ठेवली. जेवणं उरकून भांडी घासून होईतो निम्मी पानं उभी, सकाळी बघावं तर जणू काही झालंच नाही. तेव्हापासून आईचा तिच्यावर विश्वास नाही. "नाटकी हाय" म्हणते.

पण यात एक फसगत आहे. जास्त पाण्यानं मुळं कुजली तरी पानं अशीच लोळतात. लोक घाबरून आणखी पाणी घालतात आणि ती खरंच जाते. पानं लोळली की आधी माती बघा. माती ओली असून पानं लोळत असतील तर कुंडीतून काढा, काळी मऊ मुळं कापा आणि नव्या मिश्रणात लावा. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाकायचं.

पानांची टोकं तपकिरी होतात. पाणी तर रोज फिल्टरचं देतोय.

फिल्टरचं म्हणजे मशीनच्या नळीतून वाया जाणारं ना? तेच कारण. वाया जाऊ नये ही भावना चांगली, पण तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या नळीतून बाहेर पडतात. ते कुंडीत साठतात आणि पानाचं टोक आधी भाजतं. ते पाणी फरशी पुसायला वापरा. लिलीला नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून द्या. जून ते सप्टेंबर तर कोल्हापुरात पाण्याची ददातच नाही, पत्र्याच्या पन्हळीखाली बादली ठेवली की झालं. तपकिरी झालेलं टोक परत हिरवं होत नाही, कात्रीनं पानाच्या आकारात कापून टाका.

मातीचं मिश्रण?

शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. दोन महिन्यांत वीट होते, वरचं पाणी कडेनं पळून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत आणि थोडी तांबडी माती सारख्या भागांत चालते. कुंडी बदलताना जुन्यापेक्षा दोनच इंच मोठी घ्या.

ती घरातली हवा शुद्ध करते हे खरं का?

१९८९ साली नासाचा एक अहवाल आला होता. बंद पेटीत रोप ठेवून हवेतली काही रसायनं कमी होतात का हे त्यात पाहिलं होतं, आणि ती कमी झाली होती. तिथून ही गोष्ट जगभर पसरली. पण आपलं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दार उघडं, खिडकी उघडी, स्वयंपाकघरात फोडणी चाललेली. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा निघालं ते असं : नुसत्या खिडक्या-दारांतून होणाऱ्या वाऱ्याच्या ये-जा एवढं काम रोपांकडून हवं असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील. दहा बाय बाराच्या खोलीत कमीत कमी शंभरावर कुंड्या. मग झोपायचं कुठं?

लिली छान दिसते म्हणून आणा. हवेसाठी खिडकी उघडा.

घरात रांगतं मूल आहे, मांजर आहे. धोका?

अळूची भाजी कच्ची राहिली की घसा खवखवतो, तोच प्रकार इथं आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक पानांत असतात. अळूला आपण चिंच घालून रटरटून शिजवतो, लिलीला कोण शिजवणार! पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, मूल रडून घर डोक्यावर घेतं. तोंड धुवून थंड पाणी किंवा दूध द्या, आणि सूज आली किंवा गिळायला त्रास झाला तर डॉक्टर गाठा. मांजरांबाबत एक फरक लक्षात ठेवा : खऱ्या लिलीची फुलं, म्हणजे पुष्पगुच्छात मोठी सुवासिक येतात ती, मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. पीस लिली तितकी वाईट नाही. तरी उंचावरच ठेवा.

बहाव्याच्या शेंगेतला गर रेचक आहे. आयुर्वेदात आरग्वध म्हणतात तो हाच. पोरांना एवढंच सांगून ठेवा की शेंगेचा खुळखुळा करायचा, खायची नाही.

आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बहावा मोठ्या कुंडीत लावला तर?

नको. जगेल, पण रुसून. सोटमूळ खाली जायचं ते वेटोळं घेत बसतं आणि फुलाची वाट बघता बघता तुमचा मुलगा कॉलेजला जातो. गच्ची तुमच्याच वापरात असेल आणि झाडच हवं असेल तर ड्रममध्ये देवचाफा लावा. फांदी तोडून आठवडाभर सावलीत चीक सुकू द्यायचा आणि मग रोवायची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फूल येतं आणि वासही असतो, जो वर सांगितलेल्या दोघांकडं म्हणावा तसा नाही.

बहाव्याला फुलं किती वर्षांनी येतात?

बियांपासून केलेल्या रोपाला सहा ते आठ वर्षं धरून चाला. माझ्याकडं सातव्या वर्षी आली. पण त्याआधी माझी जी फजिती झाली ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

घर बांधलं त्याच जूनमध्ये एका नर्सरीतून "बहावा" म्हणून हातभर उंचीचं रोप आणलं. खड्डा काढला, काठी बांधली, उन्हाळ्यात बादल्या वाहिल्या. झाड झपाट्यानं वाढलं. शेजारचे अण्णा म्हणायचे, "बहावा एवढा लवकर वाढत नाही हो." मी म्हणायचो, खत चांगलं पडलंय. पाचव्या वर्षी कळ्या आल्या, पण त्या ऑक्टोबरात! उन्हाळ्यात फुलणारं झाड दिवाळीच्या तोंडावर कसं फुलतंय? उमलली ती पिवळीच, पण बहाव्यासारखी झुंबरं खाली लोंबलीच नाहीत. फांद्यांच्या शेंड्यांवर तुरे तोंड वर करून उभे. ते काशीद होतं. रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात ते. पाच वर्षं मी काशिदाला बहावा म्हणून हाक मारत होतो.

काशीद काही वाईट नाही. ते तोडलं नाही, आजही आहे. पण त्याच वर्षी दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं बहाव्याचं बी रुजवलं. दोन वर्षांपूर्वी त्याला पहिल्यांदा फूल आलं. मोजून अकरा घोस.

मग रोप घेतानाच ओळखायचं कसं?

पानाकडं बघा. बहाव्याच्या एका देठावर पर्णिकांच्या थोड्याच जोड्या, चार ते आठ, आणि एकेक पर्णिका मोठी, तळहाताएवढी, टोकाला निमुळती. काशिदाच्या पर्णिका बोटाएवढ्या, जोड्या जास्त आणि टोकाला किंचित खाच. गुलमोहर आणि सोनमोहर तर लांबूनच कळतात, त्यांची पानं पिसासारखी बारीक चिरलेली असतात. रोपावर चिठ्ठी काय आहे ते वाचू नका, पान मोजा.

बी रुजत नाही. तीनदा टाकलं.

कवच दगडासारखं असतं, म्हणून. झाडाखालची काळी, हातभर लांब, पूर्ण वाळलेली शेंग घ्या आणि दगडानं ठेचा. आत पातळ पडद्यांनी केलेले खण असतात, जुन्या चवलीच्या नाण्यांची चळत रचावी तसे, आणि प्रत्येक खणात चिकट काळ्या गरात एक बी. वास गुळाच्या काकवीसारखा सुरू होतो आणि मग नको वाटतो. बी धुवा, एका कडेला सँडपेपरवर घासून आतला फिकट रंग दिसू द्या आणि रात्रभर पाण्यात ठेवा. किंवा उकळतं पाणी खाली उतरवून त्यात बिया टाका आणि तशाच गार होऊ द्या. सकाळी ज्या फुगून दुप्पट झाल्या त्या लावायच्या, बाकीच्यांवर हीच मेहनत परत. जंगलात हे काम गर खाणारी जनावरं करतात, त्यांच्या पोटातून गेलेलं बी सहज रुजतं.

घरापासून किती लांब लावू?

भिंतीपासून, कंपाउंडपासून आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून किमान बारा ते पंधरा फूट. वर विजेची तार नको. "आत्ता तर लहान आहे" म्हणून तारेखाली लावलेलं प्रत्येक झाड पुढं अर्धं कापलं जातं.

दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा मे महिन्यातच काढून ऊन खाऊ द्या. मृगाचा पाऊस लागला की माती, कुजलेलं शेणखत आणि मिळालं तर साखर कारखान्याची चांगली कुजलेली मळी घालून रोप लावा. ताजी मळी नको, ती तापते. पहिले तीन उन्हाळे आठवड्याला दोन बादल्या. आळ्यात उसाचं पाचट पसरा, आपल्याकडं त्याला तोटा नाही. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर पाचटाबरोबर वाळवी खोडावर चढते.

आमचं घर पुराच्या पट्ट्यात आहे. बहावा टिकेल?

२०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी घराच्या पायऱ्यांवर मोजलाय, त्यांनी बहावा लावू नये. त्याला पाण्याचा निचरा लागतो, मुळाशी पाणी तुंबून राहिलं की तो बसतो. तुमच्यासाठी ताम्हण. ते मुळात ओढ्या-नद्यांच्या काठचं झाड, काही दिवस पाय पाण्यात राहिले तरी सोसतं. शिवाय ते आपलं राज्यपुष्प आहे. फुलं जांभळी-गुलाबी, पाकळ्या इस्त्री न केलेल्या क्रेपच्या कापडासारख्या चुरगळलेल्या. एक गंमत अशी की ते मेंदीच्या कुळातलं आहे, आणि डाळिंबही त्याच कुळात मोडतं.

थोडक्यात पंचगंगेकडच्या सखल, काळ्या जमिनीत ताम्हण आणि वरच्या बाजूच्या मुरमाड, तांबड्या जमिनीत बहावा. मी स्वतः फुलासाठी बहाव्याच्या बाजूचा आहे, पण जमिनीशी भांडून उपयोग नाही.

आणि गुलमोहर? तो लवकर फुलतो म्हणे.

लवकर फुलतो आणि लवकर पडतो. मादागास्करहून आलेलं हे झाड. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. जून-जुलैच्या वाऱ्यापावसात शहरात गाड्यांवर कोसळलेली झाडं बघा, त्यात गुलमोहर असतोच. मोकळ्या माळावर लावा, दारात नको.

तीन-चार आठवड्यांच्या फुलांसाठी सात वर्षं थांबायचं? मग लिलीच बरी नाही का?

हिशेब असा मांडला तर लिलीच जिंकते. पण बहाव्याखाली एकदा मे महिन्यात सकाळी सातला उभे राहा. काळे भुंगे येतात, फुलाला मिठी मारतात आणि पंख न हलवता अंग थरथरवतात. त्या कंपानं परागकोशाच्या बारीक छिद्रांतून पराग बाहेर उडतो. आवाज बदलतो तो कानाला कळतो, उडताना वेगळा आणि फुलावर बसून वेगळा. पुढं पावसाळ्यात कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. लगेच औषध मारायला धावू नका. त्या फिकट पिवळ्या-पोपटी फुलपाखरांच्या असतात, झाडाचा पाला थोडा खातात आणि झाड तो आठ-पंधरा दिवसांत भरून काढतं. लिलीवर मात्र असं काही घडत नाही. पिठ्या ढेकूण आला तर तो ओल्या फडक्यानं पुसायचा आणि निंबोळी अर्क फवारायचा, एवढीच तिथली वन्यजीवसृष्टी.

तोटाही सांगतो. पाकळ्या पडतात, शेंगा पडतात, पाला पडतो. झाडायला कोण आहे हे आधी ठरवा. आमच्या समोरच्या काकूंना झाड आवडतं, त्याचा कचरा आवडत नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो का?

असं म्हणतात खरं. पण एकाच गल्लीतले दोन बहावे पंधरा-वीस दिवसांच्या फरकानं फुलतात. मग पावसानं कुणाचं ऐकायचं? पेरणीचा निर्णय यावर घेऊ नका.

पुढं अडचण झाली तर झाड तोडता येतं?

आपल्या जागेत आपण लावलेलं असलं तरी शहर हद्दीत परवानगी लागते. १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, त्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज करावा लागतो. मोठी छाटणी करायची तरी आधी विचारून घ्या. म्हणून जागा ठरवायला एक रविवार जास्त घालवा. लिलीच्या बाबतीत चूक झाली तर कुंडी उचलून दुसरीकडं ठेवायची, संपलं.

खर्चाचं काय?

छोटी लिली साधारण एका मटण ताटाच्या पैशात येते. पुढं कुंडी, मिश्रण, खत असं किरकोळ चालू राहतं. बहाव्याचं बी फुकट, खड्ड्याला एक दिवस, मग बादल्या वाहायचे कष्ट. पैशात बहावा स्वस्त, घामात महाग.

पीस लिलीचं फूल देवाला चालतं का?

शास्त्र मला विचारू नका, घरातल्या थोरांना विचारा. आमच्या आईचं मत : वास नाही, आणि हाताला चीक लागला तर खाजतं, असलं फूल देवीला कशाला? केरळात मात्र विषूच्या सणाला पहाटे पहिल्या दर्शनात बहाव्याची फुलं लागतातच, ते तिथलं राज्यपुष्पही आहे.

दोन्ही आहेत. लिलीची कुंडी बहाव्याच्या सावलीत ठेवली तर?

कल्पना छान आहे आणि मीही केली. जून ते जानेवारी झकास चाललं. गाळलेला उजेड, पावसाची हवा, लिलीला दोन फुलंसुद्धा आली. फक्त सततच्या धारेत कुंडी तुंबत नाही ना, एवढं बघावं लागलं.

मग उन्हाळा आला आणि बहाव्यानं पानं गाळली. तो फुलायच्या आधी उघडा होतो हे मला माहीत होतं, पण त्याच्याखाली लिली आहे हे डोक्यात आलं नाही. मार्चच्या एका दुपारीच तिच्या पानांवर भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखे डाग पडले. लिलीला जेव्हा सावली सगळ्यात जास्त लागते, नेमकी तेव्हाच बहाव्याकडं ती नसते.

ज्याची पानं बारा महिने टिकतात अशा झाडाखाली ठेवा. आंबा, फणस काहीही चालेल. आमची लिली आता काशिदाखाली असते.